हळदीकुंकू लावलेलं बदक

कोथरूडहून एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "ताई, मुलगा नोकरीसाठी बंगलोरला गेला. जाताना माझ्या वाढदिवसाला म्हणून कॅमेरा घेऊन दिला. म्हणाला, आई, आता तू पक्ष्यांचे फोटो काढ, तुला आवडतात ना. दोन महिने झाले, कॅमेरा कपाटात साड्यांच्या घडीखाली आहे. सासूबाईंचा चहा सातला, ह्यांचा डबा नऊला. मग जायचं कुठं आणि परत यायचं कधी? शिवाय खरं सांगू? बाईमाणसानं एकटीनं झाडाखाली उभं राहून वर बघत बसायचं, म्हणजे लोक काय म्हणतील, असंही वाटतं."

मैत्रिणींनो, पत्र वाचून मला हसू आलं आणि थोडं गलबलूनही आलं. कारण कपाटात साड्यांखाली आपल्यापैकी प्रत्येकीचं काही ना काही ठेवलेलं असतं. कुणाची सतार, कुणाची रंगांची पेटी, कुणाची अर्धी राहिलेली कादंबरी. तेव्हा आज या पत्राचंच उत्तर देते. लोकांचं म्हणाल, तर लोक पहिले चार दिवस बघतात. पाचव्या दिवशी तेच जवळ येऊन विचारतात, "काय दिसलं हो?"

आधी आपली गॅलरी

पहिले आठ दिवस कुठंही जाऊ नका. कॅमेराही काढू नका. सकाळी दूध तापत ठेवलं की गॅलरीत नाहीतर मागच्या दारी दहा मिनिटं उभ्या राहा, आणि बघण्याआधी ऐका. आपल्याला हे जड नाही. कुकरची शिट्टी तिसरी की चौथी, हे आपण झोपेतसुद्धा सांगतो. तसाच कान पक्ष्यांना लावायचा.

टुक, टुक, टुक असा एकसारखा ठोका ऐकू येतो ना? कसब्यातल्या तांबट आळीत हातोडी पडावी तसा? त्या पक्ष्याचं नावच तांबट. हिरवा अंगरखा, कपाळावर आणि गळ्याखाली लाल ठिपका. वडा-उंबराच्या झाडावर तो बसलेला असतो, पण पानांत दिसता दिसत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे तारेवर बसून सुरेल गातो तो काळा-पांढरा दयाळ. एवढासा जीव असून घसा फोडून ओरडतो तो शिंपी. तो खरोखरीच पानं शिवून घरटं करतो, आणि टाका असा घालतो की शिवणाच्या वर्गातल्या बाईंनीही शाबासकी द्यावी. अंगणात सहा-सात जण घोळक्यानं येऊन कलकलाट करतात ते सातभाई. आपल्याकडे लग्नाआधी याद्या करायला मंडळी बसतात, अगदी तसे.

आठ दिवसांत पाच-सहा ओळखी झाल्या की मग पायात चप्पल नको, बूट घाला. आता टेकडी.

नऊच्या आत घरी

कोथरूडच्या मैत्रिणीला तर टेकडी उशाशीच आहे. वेताळ टेकडी ही पुणे शहरातली सगळ्यांत उंच टेकडी. कोथरूडकडून, लॉ कॉलेजकडून, पाषाणच्या अंगानं, कुठूनही वर जाता येतं. उजाडता उजाडता निघालात तर तासाभरात मोराची हाक ऐकून परत. दगडाच्या जुन्या खाणीत पाणी साठतं, तिथं पक्षी पाणी प्यायला उतरतात. कडेला एखाद्या दगडावर गप्प बसायचं. चिरक येईल, शेपटीचा पंखा उघडून झुडपात गिरक्या घेणारा नाचण येईल, डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेले चष्मेवाले थव्यानं येतील. माळावर काटेरी झाडाच्या शेंड्यावर एकटाच बसलेला खाटीक दिसेल. हा किडे पकडतो आणि काट्यांना टोचून ठेवतो, म्हणून हे नाव. साठवणीची सवय फक्त आपल्यालाच आहे असं नाही!

तिकडं पर्वती-सहकारनगरच्या बाजूला राहणाऱ्यांनी तळजाईचं वन धरावं. औंध-गणेशखिंडीकडच्यांना विद्यापीठाचं आवार आहे. मोठमोठी जुनी झाडं असली की राखी धनेश दिसण्याची आशा धरावी. मोठ्या बाकदार चोचीचा हा पक्षी पुण्यात अजून आहे, ही आपली पुण्याईच. त्याची मादी अंडी घालायच्या वेळी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. फक्त एक फट ठेवते. त्या फटीतून नर तिला फळं भरवतो. असा एक नर घास घेऊन ये-जा करताना बघितला, की घरी येऊन नवऱ्याला सांगावंसं वाटतं. मी सांगितलं. ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता विचारलं, "आणि चहा कोण करतं?"

पाषाणचा तलाव हे दुसरं ठिकाण. राम नदी अडवून ब्रिटिश अमदानीत तो बांधला, तो गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्याला पाणी पुरवण्यासाठी. त्या बंगल्यात पुढं विद्यापीठ आलं. तलावात जलपर्णी माजते, सांडपाणी येतं, आणि पूर्वीइतके पक्षी आता उतरत नाहीत, हे खरं. तरीही हिवाळ्यातल्या सकाळी बांधावर उभं राहिलं की रिकाम्या हातानं परत यावं लागत नाही. काळंभोर अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, तो वारकरी. निळाजांभळा शालू नेसल्यासारखी जांभळी पाणकोंबडी जलपर्णीवर पावलं टाकत हिंडते. बुडी मारून भलतीकडेच वर येते ती टिबुकली.

आणि माझी सगळ्यांत लाडकी म्हणजे हळदीकुंकू बदक. अंग साधं, तपकिरी ठिपक्यांचं, आपल्या रोजच्या घरातल्या पातळासारखं. पण चोच बघा. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि चोचीच्या मुळाशी दोन तांबडे ठिपके. कुणा गावच्या बाईनं तळ्यावर धुणं धुताना ते पाहिलं असेल आणि नाव ठेवलं असेल, हळदीकुंकू! इंग्रजीत तिला नुसतं ठिपक्याच्या चोचीचं बदक म्हणतात. आपलं नाव किती गोड! मारुती चितमपल्लींनी रानावनात हिंडून, आदिवासी आणि कोळी-पारध्यांना विचारून पक्ष्यांची अशी देशी नावं आयुष्यभर गोळा केली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. त्यांचा जन्म ५ नोव्हेंबरचा आणि पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबरचा. त्यामुळे २०२० पासून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. सुरुवात करायला याहून चांगला मुहूर्त नाही. दिवाळीचा फराळही डब्यात असतो.

अर्ध्या दिवसाची रजा

महिन्यातून एक रविवार घरच्यांना सांगून टाकावा, "आज पोहे तुम्ही करा." आणि अर्धा दिवस आपला.

हिवाळा असेल तर कवडीपाट. हडपसर सोडून सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरच्या अलीकडे डावीकडे वळलं की मुळा-मुठेच्या काठाशी आपण येतो. जुन्या बंधाऱ्यामुळे तिथं पाणी पसरून उथळ होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत तिथं पाहुण्यांची पंगत असते. केशरी रंगाचे चक्रवाक लडाख-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. रात्र झाली की नदीच्या दोन काठांना एकमेकांना हाका मारत राहणारं, संस्कृत काव्यातलं ते विरही जोडपं हेच. लांब गुलाबी पायांचे शेकाट्ये, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, शेपटी वर-खाली करत दगडांवरून पळणारे धोबी, रंगीत करकोचे. थोडक्या वेळात इतकं एका जागी दुसरीकडे क्वचितच दिसतं.

पण मैत्रिणींनो, तिथं एक गोष्ट आणखी दिसते, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. बंधाऱ्याखाली पांढराशुभ्र फेस तरंगत असतो. प्रथम पाहिला तेव्हा मला वाटलं, किती छान दिसतंय! मग वास आला. तो साबणाचा फेस. आपल्या मोरीतून, धुण्याच्या यंत्रातून गेलेलं पाणी शहर ओलांडून इथवर येतं. काठावर प्लॅस्टिकच्या पिशव्या, गाठ मारलेलं निर्माल्य. हिमालय ओलांडून आलेला पाहुणा आपल्या घरच्या सांडपाण्यात उभा राहून चोचीनं दाणा शोधतो. आपल्याकडे पाहुण्याला पाय धुवायला स्वच्छ पाणी देतात. तेव्हापासून मी धुण्याची पावडर मोजून घालते आणि निर्माल्य कुंडीतल्या मातीत जिरवते. माझ्या एका चमच्यानं नदी स्वच्छ होणार नाही, हे मलाही कळतं. पण पाहुण्यांसमोर मान खाली घालावी लागू नये, एवढंच.

बंडगार्डनच्या पुढं, येरवड्याच्या अंगाला डॉ. सालिम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य याच नदीकाठी आहे. राडारोडा आणि कचरा यांनी त्या जागेची रया गेली आहे. तरी गावात राहून नदीकाठची झाडी म्हणजे काय ते समजून घ्यायचं असेल तर चारचौघी मिळून जावं. एकट्यानं नको.

उन्हाळ्याच्या आधी सिंहगडाचा पायथा. आतकरवाडीच्या बाजूला झाडीत ओढ्याच्या पाण्यावर पक्षी येतात. नशीब असेल तर स्वर्गीय नर्तक दिसतो. नराचं डोकं काळं, अंग पांढरं, आणि शेपटीला हातभर लांब दोन पांढऱ्या फिती. तो फांदीवरून निघाला की वाटतं कुणी रेशमी रिबीन हवेत सोडली. मादीला मात्र ही फीत नाही, ती तांबूस रंगाची. पायथ्यापर्यंत बस जाते. गड चढायलाच हवा असं नाही. पिठलं-भाकरी मात्र खाल्ल्याशिवाय परत येऊ नये.

एक दिवस सगळ्यांनी मिळून

वर्षातून एकदा घरादाराला घेऊन भिगवण. पुण्यापासून सोलापूर रस्त्यानं सुमारे शंभर किलोमीटर, रेल्वेचं स्टेशनही आहे. भीमा नदीवर उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं आणि त्याच्या मागं साठलेल्या उथळ पाण्यात रोहित पक्षी, म्हणजे आपले अग्निपंख, उतरू लागले. कुंभारगावचे मच्छीमार आपल्या नावेतून पक्षी दाखवायला नेतात आणि नावंही बिनचूक सांगतात. जानेवारीपासून पाणी ओसरू लागतं, चिखलाची काठं उघडी पडतात, मग रोहितांना उथळ पाण्यात चोच उलटी करून खाणं गाळता येतं. ज्या वर्षी पाणी भरपूर टिकतं त्या वर्षी ते कमी दिसतात. म्हणून निघण्याआधी फोन करून विचारावं, नाहीतर मुलं दिवसभर "कुठंय फ्लेमिंगो?" म्हणून डोकं खातात. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, पिल्लं राखाडी असतात. गाजर न खाणाऱ्या मुलांना ही गोष्ट ऐकवायला हरकत नाही.

माझा एक फोटो

आता फोटोंबद्दल. इथं मला माझीच एक चूक सांगायची आहे.

बरीच वर्षं झाली. आमच्या गॅलरीतल्या मधुमालतीवर बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलं. वाटीएवढं, नेटकं. तीन पिल्लं झाली. घरात नवा कॅमेरा आलेला. मला फोटो हवा होता, पण चार पानं नेमकी मध्ये यायची. मी काय केलं, वेलाची एक फांदी सुतळीनं बाजूला बांधली आणि कात्रीनं दोन-तीन पानं छाटली. फोटो असा आला म्हणून सांगू! तीन उघड्या चोची, आईच्या तोंडात अळी, सकाळचं ऊन. मी तो मोठा करून घेतला. शेजारपाजारच्यांना दाखवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कावळा आला. मी स्वयंपाकघरात होते. आरडाओरडा ऐकून धावले तोवर घरटं रिकामं. बुलबुलाची जोडी संध्याकाळपर्यंत कपड्यांच्या दोरीवर बसून होती. एकीच्या तोंडात अळी तशीच.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अगं, बाळंतिणीच्या खोलीचा पडदा कुणी काढतं का?"

तो फोटो अजून अल्बममध्ये आहे. कधी कुणी पानं उलटताना म्हणतं, "वा, काय सुंदर!" मी काही बोलत नाही.

त्या दिवसापासून घरट्याचा फोटो मी काढत नाही. कुणी घरटं दाखवतो म्हणाला तरी जात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंही अंड्या-घरट्यांना धक्का लावायला मनाई आहे. पण मला कायद्यापेक्षा सासूबाईंचं वाक्य पुरतं.

अलीकडे आणखी एक खोड निघाली आहे. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवायचा, म्हणजे आपल्या हद्दीत दुसरा कुणी आला असं समजून तो बिचारा धावत समोर येतो, आणि फोटो मिळतो. विणीच्या दिवसांत पिल्लांना भरवायचं सोडून तो या खोट्या भांडणात दमतो. दारावरची घंटी वाजवून पळून जाणाऱ्या पोरांचा आपल्याला किती राग येतो! तेच हे.

पक्ष्याला जवळ आणायला एकच उपाय आहे, थांबणं. वीस मिनिटं न हलता बसा. तुम्ही दगड नाही हे पक्ष्यांना माहीत असतं, पण तुम्ही निरुपद्रवी आहात हे वीस मिनिटांत त्यांना पटतं. आणि थांबणं आपल्याला शिकवावं लागत नाही. दूध उतू जाईपर्यंत, मूल झोपेपर्यंत, दार वाजेपर्यंत आपण आयुष्यभर थांबतच आलो. फरक एवढाच की हे थांबणं आपलं स्वतःचं.

जाताना एवढं लक्षात ठेवा

• कपडे मातकट, हिरवे. भडक लाल-पिवळी ओढणी घरी ठेवावी. बांगड्या वाजत असतील तर रुमालानं बांधून घ्याव्या.

• सूर्य आपल्या पाठीमागं राहील अशी जागा धरावी. रंग नीट दिसतात, फोटोही चांगला येतो.

• पहिली खरेदी महागड्या भिंगाची नको, दुर्बिणीची करा. आठ पटींची आणि चाळीस-बेचाळीस मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरते. मोबाईलचा कॅमेरा दुर्बिणीच्या एका डोळ्याला टेकवून आठवणीपुरता फोटो निघतो.

• भिंग पदराच्या टोकानं कधीही पुसू नये, चरे पडतात. आधी फुंकणीनं धूळ उडवावी, मग मऊ स्वच्छ फडक्यानं हलक्या हातानं पुसावं.

• पावसाळ्यात भिंगाला बुरशी येते. घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांत येतात तशा सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात कॅमेरा ठेवावा.

• टेकडीवर एकटीनं आडवाटेला शिरू नये. दोघी-तिघी असाव्या, आणि कुठं चाललो ते घरी सांगून निघावं.

• छोटी वही हवीच. तारीख, वेळ, जागा, काय दिसलं. नाव कळलं नाही तर "टोपीवाला, शेपूट हलवतो" असं लिहावं. पुढं पुस्तकात सापडतं.

आणि हो, हे काम बायकांचं नव्हे असं कुणी म्हणालं, तर त्यांना दिल्लीच्या उषा गांगुलींचं नाव सांगा. दिल्ली परिसरातल्या पक्ष्यांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९७५ साली प्रसिद्ध झालं आणि अभ्यासकांनी ते हाताशी ठेवलं. सुरुवात त्यांनीही कधीतरी पहिल्या पक्ष्यापासूनच केली असणार.

तेव्हा कोथरूडच्या मैत्रिणी, कॅमेरा आधी साड्यांखालून काढा. तो तिथं राहिला तर बुरशी धरेल, आणि इच्छेलाही बुरशी धरते. सासूबाईंचा चहा थर्मासमध्ये भरून ठेवा, नाहीतर त्यांनाच पाषाणच्या बांधावर घेऊन जा. हळदीकुंकू बदक दाखवलंत तर त्या पुढच्या रविवारी तुमच्या आधी तयार होऊन बसतील. माझ्या सासूबाई बसायच्या.

पहिला फोटो हलला तर हलू द्या. बंगलोरला मुलाला तोच पाठवा. आणि काय दिसलं ते आम्हालाही कळवा.